सोडलेला मासा जगतो का?

जेटीवर गरवायला बसलेल्या माणसाकडे पाहून कुणाला माशांच्या भवितव्याची काळजी वाटत नाही. पर्ससीन आणि ट्रॉलरवरून आपल्याकडे वाद पेटतात, पण एका दांडीने आणि एका गळाने समुद्राचं काय बिघडणार, असंच सगळे धरून चालतात. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरही बराच काळ हाच समज होता. ‘स्ट्राइप्ड बास’ या माशाने तो खोटा ठरवला.

अंगावर काळे आडवे पट्टे असलेला हा मासा वसंतात चेसापीक उपसागराला मिळणाऱ्या नद्यांत आणि हडसन, डेलावेर या नद्यांत अंडी घालतो. मग उन्हाळा काढायला किनाऱ्याकिनाऱ्याने उत्तरेकडे जातो. छोट्या माशांचा पाठलाग करत तो थेट फुटणाऱ्या लाटांत येतो, त्यामुळे होडी नसलेल्यालाही वाळूत उभं राहून गळाला लावता येतो. न्यू जर्सीचे किनारे, लाँग आयलंडचं मोंटॉक टोक, केप कॉडचा कालवा इथे हंगामात दांड्यांच्या रांगा लागतात.

१९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात या माशाचा साठा कोसळला. १९८४ मध्ये अमेरिकी संसदेने कायदाच केला: जे राज्य सामाईक संवर्धन आराखडा पाळणार नाही, तिथे हा मासा धरण्यावर केंद्र सरकार बंदी आणेल. मेरीलँडने १९८५ ते १९९० अशी पूर्ण बंदी घातली. मासा परतला आणि १९९५ मध्ये साठा सावरल्याचं जाहीर झालं. व्यावसायिक मासेमारीवर कोटा आला. न्यू जर्सी, कनेक्टिकट अशा काही राज्यांत तर हा मासा धरून विकणंच बेकायदा आहे. तरीही पुढे साठा पुन्हा घसरला. या वेळी मरणाऱ्या माशांपैकी बहुतेक हौशी लोकांच्या गळाला लागलेले होते.

हे कळायला उशीर झाला, कारण हौशी माणसाने धरलेल्या माशाची नोंद कुठेच होत नाही. बाजारात येणारा मासा तराजूवर चढतो, हौशी माणसाचा थेट स्वयंपाकघरात जातो. त्याचा हिशेब सर्वेक्षणांतून लावावा लागतो. किनाऱ्यावर गाठून काय मिळालं ते विचारायचं आणि घरोघरी किती वेळा गेलात ते विचारायचं. हा दुसरा प्रश्न पूर्वी घरच्या लँडलाइनवर विचारत. लँडलाइन उचलणारे कमी झाले, तेव्हा टपालाने प्रश्नावली पाठवायला सुरुवात झाली आणि २०१८ मध्ये जुने आकडे सुधारले गेले. ते बरेच वाढले, आणि किनाऱ्यावरून गरवणाऱ्यांचे सगळ्यांत जास्त. पाठोपाठ आलेल्या मूल्यमापनाने साठा धोक्याच्या पातळीखाली असल्याचं सांगितलं.

यातली खरी मेख पुढे आहे. हे लोक धरलेल्यांपैकी बहुतेक मासे परत पाण्यात सोडतात. पण गळ घशाखाली उतरलेला असतो, झुंजीत मासा थकलेला असतो, फोटोसाठी हवेत धरलेला असतो. पाणी कोमट असेल तर त्यात प्राणवायूही कमी असतो. सोडलेल्यांपैकी सुमारे ९ टक्के मरतात, असं तिथले शास्त्रज्ञ धरतात. टक्का लहान वाटतो, पण सोडलेल्यांची संख्या कोटींत जाते. २०२० मध्ये घरी नेलेल्या माशांपेक्षा सोडल्यावर मेलेले मासे जास्त होते.

आजचे नियम याच हिशेबातून आले आहेत. समुद्रकिनाऱ्यावर माणशी दिवसाला एक मासा. २०२० मध्ये त्याची लांबी २८ ते ३५ इंच ठरली, मे २०२३ मध्ये वरची मर्यादा ३१ इंचांवर आली. त्याहून मोठा मासा सोडायचा, कारण मोठी मादी लाखोंनी अंडी देते. आमिष लावायचं तर २०२१ पासून टोक आत वळलेला गोल गळच वापरायचा. तो पोटात न अडकता बहुधा जबड्याच्या कोपऱ्यात रुततो. पण लांबीचा पट्टा जितका अरुंद, तितके जास्त मासे सोडावे लागतात, आणि सोडलेल्यांतले काही मरतातच. उरतो उपाय तो गरवणंच कमी करण्याचा. हंगाम बंद ठेवायचं नाव काढलं की दांड्या-आमिषांचे दुकानदार आणि भाड्याच्या होड्यांचे मालक विरोधाला उभे राहतात, आणि त्यांचंही पोट त्यावरच आहे. त्यात चेसापीकमध्ये २०१९ पासून पिल्लांची पैदास सातत्याने कमी राहिली आहे. उबदार हिवाळे आणि वसंतात नद्यांना कमी पाणी, हे त्याचं मोठं कारण मानलं जातं. तो दोष गरवणाऱ्यांचा नाही, पण नवे मासे कमी येत असताना जुन्या माद्या जपणं हे मात्र त्यांच्याच हातात आहे.

आपल्याकडे महाराष्ट्रात १९८१चा सागरी मासेमारी नियमन कायदा आहे, पण त्याचा रोख मुख्यतः नौका आणि जाळी यांच्यावर आहे. १ जून ते ३१ जुलैची बंदी यांत्रिक नौकांना लागू असते. २०२३ मध्ये राज्याने ५४ जातींच्या माशांची किमान लांबी ठरवली, ही चांगली सुरुवात झाली. मात्र किमान लांबीने लहान मासा वाचतो, मोठा नाही. खाडीतला जिताडा आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणजे ज्याच्याबरोबर फोटो काढायचा मोह होतो, तो धिप्पाड जिताडा जवळपास नक्कीच मादी. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये याच माशासाठी ५८ सेंटिमीटरची खालची आणि १२० सेंटिमीटरची वरची मर्यादा आहे. आपल्याकडेही वरची मर्यादा हवी आणि हौशी लोकांच्या माशांची मोजदादही हवी.

तोवर गरवायला जाणाऱ्याने चार गोष्टी पाळाव्यात. पिशवीत मोजपट्टी ठेवावी. गोल गळ वापरावा. गळ खोल गेला असेल तर ओढून न काढता दोरा कापावा. आणि खायला मधल्या आकाराचा मासा नेऊन मोठी मादी लगेच, पाण्याबाहेर न रेंगाळवता सोडावी.