पूर ओसरल्यानंतरचं हैदराबाद

2020 च्या नोव्हेंबरात हैदराबादच्या मी-सेवा या सरकारी सेवा केंद्रांपुढे भल्या पहाटेपासून रांगा लागत होत्या. ऑक्टोबरच्या पुरात ज्यांची घरं बुडाली, त्या प्रत्येक कुटुंबाला तेलंगण सरकारने 10 हजार रुपये जाहीर केले होते. घर पूर्ण पडलं असेल तर 1 लाख, काही भाग पडला असेल तर 50 हजार. सुरुवातीला अधिकारी वस्त्यांत फिरून रोख रक्कम वाटत होते. लवकरच तक्रारींचा पाऊस सुरू झाला: पुढाऱ्यांनी मध्येच पैसे कापले, पाणी न शिरलेल्यांना मिळाले, पाण्यात बसलेल्यांना मिळाले नाहीत. मग अर्ज मी-सेवातून भरायचे ठरले आणि सगळी गर्दी तिकडे लोटली. टोलीचौकीच्या बाजूला रांगेत उभ्या असलेल्या एका बाईचा जीव गेला. 18 नोव्हेंबरला निवडणूक आयोगाने वाटपच थांबवलं, कारण 1 डिसेंबरला महापालिकेचं मतदान होतं.

पूर येऊन तेव्हा महिना उलटून गेला होता.

पाणी गरीब-श्रीमंत बघत नाही, असं प्रत्येक पुरानंतर बोललं जातं. हैदराबादचा सव्वाशे वर्षांच्या आसपासचा हिशेब मांडला, तर हे फार तर अर्धं खरं ठरतं. पाणी चढत असतानाची तफावत असतेच. पण ती खरी रुंदावते पाणी ओसरल्यावर. कोणाचं नाव यादीत येतं, कोणाला नोटीस मिळते आणि कोणाच्या भिंतीवर थेट खूण पडते, हे तेव्हा ठरतं.

हा हिशेब 28 सप्टेंबर 1908 पासून धरावा लागतो. जुन्या हैदराबादेत त्या पुराला ‘तुगयानी’ म्हणत. आदल्या रात्रीपासून कोसळणाऱ्या पावसाने मुसी नदीच्या पाणलोटातल्या 788 तलावांपैकी 221 तलाव फुटले. दख्खनचे हे तलाव साखळीने बांधलेले. वरचा फुटला की खालच्यावर दुप्पट भार. नदीतून त्या दिवशी सव्वाचार लाख क्युसेक पाणी वाहिलं, असा हिशेब पुढे अभियंते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी मांडला. अफझलगंज, मुसल्लमजंग आणि चादरघाट या तिन्ही पुलांना नदीने धुऊन नेलं. 1578 चा पुराना पूल तेवढा टिकला. सुमारे 15 हजार माणसं गेली, असा अंदाज सहसा दिला जातो.

काठावरच्या कोळसावाडी, घांसी बाजार अशा दाट वस्त्यांत बहुतेक घरं मातीची होती. मातीच्या भिंतीत पाणी मुरलं की ती आधी फुगते, मग पायातून बसते आणि वरचं कौलारू छप्पर घेऊनच खाली येते. उमरावांच्या चुन्यात बांधलेल्या दगडी देवडीला, म्हणजे वाड्याला, वरचा मजला होता, गच्ची होती. तिथे माणसं वर चढून वाट बघू शकत होती. ज्यांच्या घराला वरचा मजला नव्हता, त्यांना झाड शोधावं लागलं. आज उस्मानिया इस्पितळाच्या आवारात असलेल्या चिंचेच्या झाडावर चढून सुमारे दीडशे जण वाचल्याचं सांगतात. उर्दू कवी अमजद हैदराबादी यांची आई, बायको आणि मुलगी मात्र त्यांच्या डोळ्यांदेखत वाहून गेली. तेव्हा ते तरुण होते.

सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी बेघरांसाठी राजवाड्यांचे दरवाजे उघडले, अन्नछत्रं चालवली. सरोजिनी नायडू मदतकार्यात उतरल्या. पुढे त्यांना कैसर-इ-हिंद पदक मिळालं आणि जालियनवाला बाग हत्याकांडानंतर ते त्यांनी परत केलं. दरबारी दानत खोटी नव्हती. पण राजवाड्याच्या अंगणात किती दिवस राहायचं, हे राजवाडाच ठरवणार होता.

पुढचं काम विश्वेश्वरय्यांकडे आलं. मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात त्यांची हयात गेली होती. पुण्याजवळ खडकवासल्याला त्यांनी बसवलेली स्वयंचलित दारं नावाजली गेली होती. 1909 मध्ये ते हैदराबादला आले आणि त्यांनी रोग नेमका ओळखला: शहराच्या वर, मुसीवर आणि तिची उपनदी ईसीवर, पूर अडवणारे दोन जलाशय बांधा. त्याप्रमाणे गंडीपेठचा उस्मानसागर 1920 मध्ये आणि हिमायतसागर 1927 मध्ये पुरा झाला. शहराची तहानही या जलाशयांनीच भागवली.

खाली शहरात 1912 मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट बोर्ड स्थापन झालं. पुराने मोडलेल्या काठावर पुढच्या काळात हायकोर्ट, उस्मानिया इस्पितळ, सिटी कॉलेज अशा घुमटदार इमारती उभ्या राहिल्या. बोर्डाने दाट वस्त्या पाडल्या, रस्ते रुंद केले आणि काही ठिकाणी गरिबांसाठी नवी घरंही बांधली. तेव्हाच्या हिंदुस्थानात असा विचार करणारी शहरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. तरी नकाशा बोलतो तो असा: जिथे कष्टकरी मेले, ती जागा दरबाराच्या शोभेची झाली.

जलाशयांनी पूर अडवला, तशी खालची मुसी बारमाही वाहेनाशी झाली. शहर वाढलं, सांडपाणी तिच्यात उतरलं आणि नदीचा नाला झाला. कोरडं पात्र ही शहराच्या मध्यावरची सर्वांत स्वस्त जमीन ठरली. मूसानगर, कमलनगर, शंकरनगर अशा वस्त्या तिथे वाढल्या. कोणी हमाल, कोणी ऑटोवाला, कोणी घरकामाला जाणारी. चादरघाट, मलकपेठ, काचीगुडा चालत गाठता येतं, हे त्यांच्यासाठी पुराच्या भीतीपेक्षा मोठं होतं. वीज जोडणी मिळाली, घरपट्टीच्या पावत्या मिळाल्या, मतदार यादीत नावं आली. पात्रात घर बांधणं ही फक्त गरिबांचीच चूक म्हणावी, तर शहराचं सर्वांत मोठं एसटी स्थानक, महात्मा गांधी बस स्थानक, खुद्द सरकारने नदीच्या मधोमध बांधलं.

24 ऑगस्ट 2000 रोजी एका दिवसात 241.5 मिलिमीटर पाऊस झाला. या वेळी मुसीपेक्षा नाल्यांनी आणि हुसेनसागराच्या सांडव्याने दगा दिला. दोमलगुडा, अशोकनगर आणि बेगमपेठेसारख्या खात्यापित्या वस्त्यांत होड्या चालल्या. नोकरदार, डॉक्टर, व्यापारी पाण्यात अडकले तेव्हा नाले हा विषय वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आला. किर्लोस्कर कन्सल्टंट्सनी पावसाच्या पाण्याच्या निचऱ्याचा आराखडा दिला. त्यातलं बरंचसं कागदावर राहिलं. 2016 मध्ये पुन्हा तुंबलं, तेव्हा नाल्यांवर 28 हजारांच्या आसपास बांधकामं असल्याचा आकडा सरकारनेच सांगितला. हातोडा चालवायचा तर कुठून, हा प्रश्न आला की नाल्याच्या तोंडावरची पत्र्याची झोपडी आधी दिसते. तलावाच्या पोटात उभ्या राहिलेल्या नोंदणीकृत अपार्टमेंटला वकील असतो.

13 ऑक्टोबर 2020 चा पाऊस बंगालच्या उपसागरातल्या कमी दाबाच्या पट्ट्याने आणला. काकीनाड्याजवळ जमिनीवर चढून तो सरळ तेलंगणावर आला. बेगमपेठेत एका दिवसात 19 सेंटिमीटरच्या वर, घटकेसरला 32 सेंटिमीटर. जुन्या शहराच्या दक्षिणेला पल्ले चेरुवू या तलावाचा बांध फुटला, चार दिवसांनी गुर्रम चेरुवूचा. अल जुबैल कॉलनी, गाझी-ए-मिल्लत कॉलनी, हाफिज बाबानगर एकामागोमाग बुडाले. बंडलागुड्यात मोहम्मदिया हिल्सला भिंत खालच्या घरांवर कोसळून किमान आठ जण गेले. मैलारदेवपल्लीत एकाच कुटुंबातली अनेक माणसं प्रवाहात ओढली गेली.

त्या रात्री बुडालेले सगळेच गरीब नव्हते. टोलीचौकीची नदीम कॉलनी ही आखातात कमावलेल्या पैशांतून घर बांधणाऱ्यांच्या, छोट्या धंदेवाल्यांच्या शहराचा भाग. ती कितीतरी दिवस पाण्यात राहिली. पण एकाच इमारतीत फरक होता. मालक बहुधा वर राहतो, भाडेकरू तळमजल्यावर. गाडी बुडाली तर विमा कंपनीला फोटो पाठवायचा असतो. शिलाई मशीन बुडालं तर फोटो कोणाला पाठवायचा? चिखल उपसल्यावर अशा गल्ल्यांत दोरीवर आधी कपडे वाळत नाहीत, कागद वाळतात: रेशन कार्ड, आधार, मुलांचे दहावीचे दाखले. कारण 10 हजार मिळवायचे तर तेच लागतात. भाडेकरूच्या आधारवरचा पत्ता गावचा असेल, तर पूर त्याच्या घरात आला हेच सिद्ध होत नाही.

श्रीमंतांचे ज्युबिली हिल्स आणि बंजारा हिल्स खडकावर आहेत. तिथलं पाणी उतरून खाली जातं. मुसीच्या वरच्या अंगालाही हाच उतार आहे. उस्मानसागर आणि हिमायतसागरच्या भोवती दहा किलोमीटरच्या पट्ट्यात मोठ्या बांधकामांना मनाई करणारा 111 क्रमांकाचा आदेश 1996 मध्ये निघाला. 84 गावं त्यात आली. तरीही त्या भागात फार्महाउसं उभी राहत गेली. 2022 मध्ये सरकारने ते निर्बंध उठवायचं ठरवलं. वरचं रान काँक्रीट झालं तर धरणात पाणी लवकर चढणार, दारं लवकर उघडणार आणि ते पाणी चादरघाटाच्या पुलाखालून जाणार. फायदा वरच्या अंगाला, जोखीम खालच्या.

2024 मध्ये हिशेबाचं नवं पान उघडलं. जुलैत तलाव-नाल्यांवरची अतिक्रमणं हटवायला हैड्रा ही यंत्रणा आली. 24 ऑगस्टला तिने माधापूरच्या तम्मिडीकुंटा तलावाकाठचं अभिनेते नागार्जुन यांचं एन कन्व्हेन्शन सेंटर पाडलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या: बड्यांच्या भिंतीही पडू शकतात! त्याच सुमारास दुर्गम चेरुवू तलावाच्या काठावरच्या बंगल्यांना नोटिसा गेल्या. त्यात मुख्यमंत्री रेवंत रेड्डी यांच्या भावाचंही घर होतं. तीस दिवसांची मुदत, मग न्यायालय, मग तलावाची हद्द नेमकी कुठे यावर हरकती.

सप्टेंबरअखेर मूसानगर आणि शंकरनगरच्या भिंतींवर लाल रंगात ‘आरबी-एक्स’ अशी अक्षरं उमटली. मुसीच्या कायापालटाच्या योजनेसाठी पात्रातल्या घरांवर केलेली ती खूण होती. महिला रस्त्यावर आल्या. काही कुटुंबांनी सरकारी ‘डबल बेडरूम’ घरं स्वीकारली. ऑक्टोबर लागताच त्यांची जुनी घरं मजुरांकरवी पाडली गेली. पक्कं घर मिळालं, हे खरंच. पण मुलाची शाळा, बाईची चार घरकामं आणि उधारीवर धान्य देणारा दुकानदार जुन्याच जागी राहिले. पुण्यात 1961 च्या पानशेत धरणफुटीनंतर गोखलेनगर, लोकमान्यनगरात हलवलेल्या कुटुंबांना हा अनुभव नवा वाटणार नाही.

26 सप्टेंबर 2025 च्या रात्री दोन्ही जलाशयांची दारं उघडली आणि मुसीने तिची जागा परत मागितली. महात्मा गांधी बस स्थानकात पाणी शिरलं. अडकलेल्या प्रवाशांना दोर लावून बाहेर काढावं लागलं. मूसानगरात शिल्लक राहिलेल्या घरांतून माणसं पुन्हा निवारा केंद्रांत गेली. सरकार म्हणालं, म्हणूनच पात्र मोकळं हवं. वस्तीतल्यांचा सवाल वेगळा होता: दारं उघडणार हे आम्हाला कधी सांगितलं?

दोन्ही म्हणणी बरोबर असू शकतात. पात्रात राहणं धोक्याचं आहे, यावर विश्वेश्वरय्यांपासून मूसानगरच्या ऑटोवाल्यापर्यंत कोणाचं दुमत नाही. मतभेद आहे तो मुदतीवर. तलावाकाठच्या बंगल्याला हद्दीबद्दल हरकत घ्यायला तीस दिवस आणि न्यायालय मिळतं. नदीकाठच्या खोलीवर आधी खूण पडते, चौकशी मागाहून होते. मुसीच्या कायापालटाची योजना दक्षिण कोरियातल्या सोलच्या नदीकाठाचे दाखले देत पुढे सरकते आहे. दुर्गम चेरुवूला दिलेली मुदत आणि सुनावणी तेवढीच मूसानगरलाही लागू करायची की नाही, हे त्या योजनेत अजून कोणी लिहून दिलेलं नाही.