कुरणातील गवताची कोणती लक्षणे मोजावीत?

गायरानातील चारा वर्षानुवर्षे का घटतो, याची पाहणी करण्याचे ठरले की बहुधा प्रथम मोजपट्टी हाती घेतली जाते. गवताची उंची मोजून वहीची पाने भरली जातात. हे काम सोपे आहे यात शंका नाही. परंतु मारवेल व पवन्या मागे हटून कुसळी का पसरते, असा जर आपला प्रश्न असेल, तर उंचीच्या आकड्यांतून त्याचे उत्तर क्वचितच मिळते. राखलेल्या बांधावर गुडघ्यापर्यंत वाढणारा मारवेल चराईच्या जागी वीतभरही राहत नाही. तेथे मोजपट्टी गवताच्या जातीपेक्षा जनावरांच्या भुकेचीच अधिक नोंद करते.

हा प्रश्न एखाद्या गावापुरता नाही. दबडघाव व शंकरनारायण यांचा भारतातील तृणभूमींवरील ग्रंथ भारतीय कृषि अनुसंधान परिषदेने १९७३ साली प्रसिद्ध केला. त्यात दख्खनच्या पठाराचा समावेश पवन्या-मारवेल या तृणसमूहात केलेला आहे. अतिचराई होत गेली की या समूहातील सकस गवते कमी होतात, कुसळीचे प्राबल्य वाढते आणि त्याहीपुढे हलक्या प्रतीची, बव्हंशी एकवर्षायू गवते उरतात. वैरणीच्या दृष्टीने ही घसरगुंडीच होय.

म्हणून मोजमापास आरंभ करण्यापूर्वी आपला प्रश्न एका वाक्यात लिहून काढावा. चरल्यावर कोणते गवत पुन्हा फुटते, कोणते उन्हाळा काढते, कोणाचे बी रुजते, हे तीन निरनिराळे प्रश्न आहेत आणि त्यांना उपयोगी पडणारी लक्षणेही निरनिराळी आहेत.

उन्हाळ्याचा प्रश्न घेऊ. डेन्मार्कचे वनस्पतिशास्त्रज्ञ राउनकिअर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी वनस्पतींची वर्गवारी एका साध्या लक्षणावरून केली. प्रतिकूल ऋतूत वनस्पतीचा डोळा कोठे सुरक्षित असतो, हे ते लक्षण. झाडाचा डोळा उंच फांदीवर असतो, ठोंब धरणाऱ्या गवताचा जमिनीलगत, तर कंदाचा मातीखाली. आणि एकवर्षायू वनस्पती केवळ बियांच्या रूपाने शिल्लक राहते. हे पाहण्यास खुरप्याखेरीज काही लागत नाही. गायरानात बहुवर्षायू गवत किती उरले व एकवर्षायू किती झाले, हे यावरून चांगले कळते. तथापि मारवेल, पवन्या व कुसळी ही तिन्ही बहुवर्षायू असून त्यांचे डोळे जमिनीलगतच असतात. तुलनेतील सर्व जातींत जे सारखेच आहे ते कितीही काळजीपूर्वक मोजले तरी कुसळी का जिंकते याचा उलगडा होणार नाही.

तो उलगडा बव्हंशी बियांकडे पाहिल्यास होतो. कुसळीच्या बीला पीळ असलेले लांब कुसळ असते. दमट हवेत हा पीळ सुटतो, कोरड्या हवेत पुन्हा बसतो, आणि या हालचालीने टोकदार बी मातीत शिरते. हेच बी मेंढ्यांच्या लोकरीत व कातडीत घुसते, तोंडाला इजा करते. त्यामुळे कुसळी कोवळी असेतो जनावरे ती खातात, निसवल्यावर टाळतात. शेजारचा मारवेल मात्र खाल्ला जातच राहतो. येथे निसवण्याची तारीख व कुसळाची लांबी ही दोन मापे उंचीच्या शंभर आकड्यांहून अधिक सांगतात.

पानाविषयीही थोडे सांगणे अवश्य आहे. २००४ साली जगभरच्या सुमारे अडीच हजार वनस्पतींच्या पानांचा एकत्र अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले की, वजनाच्या मानाने पसरट व पातळ असलेल्या पानात नत्राचे प्रमाण सामान्यतः अधिक असते, ते झपाट्याने अन्न तयार करते, पण लवकर गळते. जाड, भरीव पान हळू काम करते व अधिक दिवस टिकते. ही लक्षणे बव्हंशी एकत्र नांदतात. म्हणून प्राथमिक पाहणीत ती सर्वच मोजण्याचे कारण नाही. नत्र काढण्यास प्रयोगशाळा लागते. क्षेत्रफळ व कोरडे वजन यांना आलेख-कागद, भट्टी आणि सूक्ष्म तराजू पुरेत, व हे साहित्य कृषिशाळेत मिळू शकते.

पूर्ण उमललेले, उन्हातील, निरोगी पान घ्यावे व ते ओल्या कागदात गुंडाळून न्यावे. सुकलेले पान आक्रसते आणि क्षेत्रफळ चुकते. आलेख-कागदावर आकृती काढून चौरस मोजावेत. नंतर पान ७० अंश सेल्सिअसला ७२ तास वाळवून तोलावे. समजा, पानांचे क्षेत्रफळ ४० चौरस सेंटीमीटर व कोरडे वजन ०.२ ग्रॅम भरले, तर दर ग्रॅमला २०० चौरस सेंटीमीटर असे माप आले. प्रत्येक जातीची निदान पाच, शक्य तर दहा निरनिराळी ठोंबे घ्यावीत. एकाच ठोंबाची दहा पाने घेतल्यास ती एकाच ठोंबाची हकिगत होते.

चरलेल्या व राखलेल्या जागेतील नमुने वेगळ्या पुडीत ठेवून प्रत्येक पुडीवर जात, जागा, तारीख आणि त्या दिवशी गवत निसवले होते किंवा नाही, हे शिसपेन्सिलीने लिहावे. शाई ओलाव्याने पसरते.