फुकट मिळते, पण फुकटात होत नाही

माझी भाची एम.एस्सी.ला भौतिकशास्त्र शिकते. दहा बाय बाराच्या खोलीत, कुणाचा तरी वापरलेला लॅपटॉप घेऊन तिचा अभ्यास चालतो. मागच्या रविवारी बहिणीकडे गेलो, तेव्हा तिने पडद्यावर एकच ओळ टाइप केली. मिनिटभरात काहीतरी उतरले आणि हजारो आकड्यांचे गणित सुटून त्याचा आलेखही उमटला. मी पडलो कारकून. पहिला प्रश्न तोच विचारला, "किती पैसे पडले?"

"काही नाही मामा, हे सगळं फुकट असतं."

बी.कॉम. झालेल्या माणसाला 'फुकट' हा शब्द पचत नाही. एकाकडे काही जमा झाले, तर ते दुसऱ्या कुणाच्या तरी नावे पडलेलेच असते. मग हा खर्च कुणाच्या नावे पडला? भाचीला विचारून, तिच्याकडून वाचून घेऊन जे समजले, ते वाचकांपुढे ठेवतो. आपल्या घराघरांतली मुले आता संगणकावर शिकत आहेत, तेव्हा हे आईवडिलांनाही ठाऊक असावे.

खुले साधन म्हणजे काय?

भाची वापरत होती त्या साधनांची नावे नमपाय आणि सायपाय. पायथन या संगणकभाषेत शास्त्रीय गणिते करण्यासाठी ती आहेत. त्यांचे मूळ लिखाण सर्वांना खुले आहे. कुणीही ते वाचावे, सुधारावे, दुसऱ्याला द्यावे. ट्रॅव्हिस ऑलिफंट, एरिक जोन्स आणि पेरू पीटरसन यांनी २००१ साली सायपाय सुरू केले. नमपायची १.० ही आवृत्ती २००६ साली निघाली.

ही साधने केवळ परीक्षेपुरती नाहीत. अमेरिकेतील लायगो वेधशाळांनी सप्टेंबर २०१५ मध्ये गुरुत्वीय लहरी पहिल्यांदा टिपल्या, तेव्हा त्या नोंदींच्या अभ्यासात ती वापरली गेली. २०१९ साली कृष्णविवराचे पहिले चित्र जगाने पाहिले, त्यामागेही ती होती. आणि लायगोची भारतातील वेधशाळा आपल्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथच्या परिसरात व्हायची आहे. केंद्र सरकारने २०२३ मध्ये तिला मंजुरी दिली. म्हणजे ज्या साधनावर मोठे शास्त्रज्ञ काम करतात, तेच साधन एका खोलीतल्या मुलीच्या हाती आहे.

आवृत्ती निघते कशी?

मूळ लिखाण म्हणजे निवडून ठेवलेली ज्वारी. संगणकाला ती तशीच चालत नाही, दळून द्यावी लागते. या साधनांचा काही भाग सी आणि फोरट्रान या जुन्या भाषांत लिहिलेला आहे. विंडोज, लिनक्स, मॅक अशा प्रत्येक प्रकारच्या यंत्रासाठी त्याचे दळण वेगळे. पूर्वी ज्याने त्याने ते आपल्या घरी करावे लागे. विंडोजवर तर त्यासाठी लागणारे जातेच धड मिळत नसे आणि विद्यार्थ्यांचे दिवस त्यातच जात. सायपायची १.० आवृत्ती ऑक्टोबर २०१७ मध्ये, म्हणजे सोळा वर्षांनी निघाली. त्या वेळी विंडोजसाठीही तयार दळण अधिकृतपणे मिळू लागले. भाचीची एक ओळ चालली ती त्यामुळे.

आवृत्ती काढणे म्हणजे आमच्या कचेरीतला मार्चअखेर. एक जण जबाबदारी घेतो, त्याला रिलीज मॅनेजर म्हणतात. ठरलेल्या दिवशी नवे काम थांबवून त्या आवृत्तीची वेगळी वही करतात. पुढे तिच्यात फक्त दुरुस्त्या होतात. हजारो चाचण्या यंत्राकडून करून घेतात. मग एक कच्ची प्रत बाहेर देतात. लोक ती आपापल्या कामात चालवून बघतात, तक्रारी कळवतात, चुका निस्तरल्या जातात. काय नवे आले, काय बंद झाले आणि कुणाकुणाचा हात लागला, याची टिपणे लिहितात. मगच पक्की प्रत प्रत्येक यंत्रासाठी दळून सार्वजनिक कोठारात ठेवतात.

तिथला एक नियम मला फार आवडला. एकदा ठेवलेली फाईल त्याच नावाने बदलता येत नाही. चूक निघाली तर नवा क्रमांक देऊन नवी आवृत्ती काढायची. आमच्या खतावणीतही खाडाखोड चालत नाही, दुरुस्तीची वेगळी नोंद करावी लागते. जून २०२४ मध्ये नमपायची २.० आवृत्ती आली. अठरा वर्षांनी पहिला आकडा बदलला. जुन्या दळणावर चालणारे कार्यक्रम त्यामुळे बंद पडण्याचा धोका होता, म्हणून लोकांना बरेच आधी सावध केले गेले. त्या एका आवृत्तीला २१२ जणांचा हात लागला होता.

एकट्यावर भार पडला की

ही काळजी का घ्यावी लागते, ते २०२४ च्या मार्च महिन्यात जगाला कळले. फायली आकसून लहान करणारे एक्सझेड नावाचे खुले साधन आहे. त्याचा भार वर्षानुवर्षे मुख्यतः एका स्वयंसेवकावर होता. 'जिया टॅन' या नावाने कुणीतरी मदतीला आले, दोन वर्षांहून अधिक काळ काम करून विश्वास मिळवला आणि आवृत्ती काढण्याचा अधिकारही मिळवला. मग बाहेर दिलेल्या फायलींत चोरवाट घातली. तिचा एक भाग सर्वांना दिसणाऱ्या लिखाणात नव्हताच. वही एक आणि पावती दुसरी! आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला संगणकात शिरताना अर्धा सेकंद उशीर लागतो आहे असे जाणवले. त्याने खणून काढले म्हणून ती उघडकीस आली.

आता नावेची बाजू. नमपाय जगभर वापरात असूनही त्याला पहिले अनुदान मिळाले ते २०१७ साली, मूर फाउंडेशनकडून. १.० आवृत्तीपासून अकरा वर्षे काम चालले ते मुख्यतः स्वयंसेवकांवर. नोकरी सांभाळून, रात्री जागून त्यांनी आवृत्त्या काढल्या. खर्च पडला तो त्यांच्या झोपेच्या खाती.

हे मला परके वाटले नाही. आमच्या वस्तीतले वाचनालयही फुकट आहे. पण रोज संध्याकाळी कामावरून येऊन त्याचे कुलूप उघडणारा एकच माणूस आहे. तो आजारी पडला त्या पंधरवड्यात मुले दारावरून परत गेली. तेव्हा कुठे आम्हाला त्याची आठवण झाली.

म्हणून पालकांना सांगणे इतकेच. मुलांना चोरीच्या प्रती घेऊ देऊ नका, खुली साधने अधिकृत ठिकाणाहूनच घेऊ द्या. मुंबईच्या आय.आय.टी.च्या स्पोकन ट्युटोरियल उपक्रमात अशा साधनांचे धडे मराठीतही आहेत. आणि घेणाऱ्याने कधीतरी द्यावेही. चूक दिसली तर कुठल्या यंत्रावर, काय करताना दिसली ते नीट लिहून कळवणे, हीसुद्धा मोठी मदत आहे. त्याला पैसा लागत नाही.

निघताना भाचीला विचारले, "तू त्यांना काय दिलंस?" ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मामा, पुढच्या आवृत्तीची कच्ची प्रत आली की या जुन्या लॅपटॉपवर चालवून बघते. काही बिघडलं तर कळवते."

तेवढे पुरे आहे. खात्यात एक नोंद पडली.