खोलीतला घाट आणि करमाडचा चढ

करमाडहून जालन्याकडे सायकल मारणाऱ्याला रस्ता सपाटच दिसतो. पाय मात्र वेगळे सांगतात. मराठवाड्याचे पठार दुरून परातीसारखे वाटले तरी त्यावर नाल्याकडे उतरणे आणि पुन्हा वर येणे चालूच असते. डोळ्यांना न कळणारा हा चढ घरातल्या यंत्रावर जसाच्या तसा आणता येईल का?

प्रश्न केवळ हौसेचा नाही. शर्यतीची तयारी करणाऱ्या इथल्या मुलाला सरावासाठी जालना रस्ता मिळतो आणि त्यावर ट्रकांची रीघ असते. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत वर्षानुवर्षे स्पर्धकांचा दम पाहिला तो बोरघाटाने. करमाडच्या मुलाला त्यातल्या त्यात जवळचा घाट दौलताबादचा, तोही शहर ओलांडून पलीकडे. अशांसाठी 'स्मार्ट ट्रेनर' नावाचे यंत्र निघाले आहे. सायकलीचे मागचे चाक काढून साखळी या यंत्राच्या दातेरी चकतीवर बसवायची. हव्या त्या रस्त्याची माहिती फोनमधून यंत्राला बिनतारी मिळत राहते. पडद्यावर चढ आला की पॅडल जड होते, उतार आला की हलके.

याची मजल कुठवर गेली पाहा. अमेरिका या टोकापासून त्या टोकापर्यंत ओलांडणारी 'रेस अक्रॉस अमेरिका' ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये दोघांचा संघ म्हणून ती पूर्ण केली. २०२० मध्ये कोविडमुळे ती रस्त्यावर झाली नाही, तेव्हा तिचे आभासी रूप अशा यंत्रांवर भरवले गेले. भारतीय लष्करातील लेफ्टनंट कर्नल भरत पन्नू यांनी ते पूर्ण केले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अशा सायकलिंगची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही झाली.

यंत्राच्या पोटात आहे काय? एक जड गतिपालक चक्र आणि त्याजवळ विद्युतचुंबक. धातूची चकती चुंबकाजवळून फिरू लागली की तिच्यात भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह निर्माण होतात आणि लेन्झच्या नियमाप्रमाणे ते चकतीच्या गतीलाच विरोध करतात. कोठेही घासाघीस नाही, तरी ब्रेक लागतो. घरोघरी असलेल्या जुन्या वीजमीटरमधली ॲल्युमिनियमची चकती अशाच चुंबकाने आवरलेली असे. वर्गात दाखवायचे तर तांब्याच्या नळीतून एक प्रबळ चुंबक सोडावा. तो इतका रेंगाळत खाली येतो की मुले नळीत डोकावून पाहतात. ट्रेनरमध्ये चुंबकाच्या वेटोळ्यातील प्रवाह कमीजास्त करून हा विरोध हवा तेवढा ठेवता येतो. गतिपालक चक्राचे काम निराळे. पॅडल थांबवले तरी रस्त्यावरची सायकल वेगाच्या भरात पुढे जाते. तो भर चक्र सांभाळते.

आता विरोध किती ठेवायचा, हे गणित. स्वार ६० किलो आणि सायकल १५, मिळून ७५ किलोग्रॅम, म्हणजे वजन सुमारे ७३५ न्यूटन. ताशी १८ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ५ मीटर वेगाने सपाट रस्त्यावर जाताना टायरचा विरोध ४.४ न्यूटन धरू आणि हवेचा ६.९. एकूण ११.३ न्यूटन. याला वेगाने गुणले की सुमारे ५६ वॅट शक्ती मिळते. रस्ता १०० मीटरला एकच मीटर चढू लागला, तर गुरुत्वाकर्षण ७३५ न्यूटनचा शंभरावा भाग, म्हणजे ७.३५ न्यूटन मागे ओढते. तोच वेग राखायला आता ९३ वॅट हवेत. डोळ्याला न दिसणाऱ्या चढाने कष्ट दोनतृतीयांशाने वाढवले! शेकडा ६ च्या चढावर हाच आकडा २७७ वॅट होतो. तेवढी शक्ती फार वेळ टिकवणे सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचे. म्हणून तो निमूटपणे वेग ताशी ९ किलोमीटरवर आणतो आणि १२६ वॅटमध्ये भागवतो.

म्हणजे यंत्राच्या दृष्टीने रस्ता हा मुख्यतः एकच आकडा आहे, चढाचा. खड्डे, वळणे, समोरून येणारा टँकर यांतले काही नाही. अंगावर वारा नसल्यामुळे उकाडा मात्र अधिक. स्नायूंनी खर्चलेल्या ऊर्जेचा जेमतेम चौथा हिस्सा पॅडलपर्यंत पोचतो, बाकीची उष्णता होते. एप्रिलमध्ये करमाडला हा सराव पंख्याशिवाय करू नये.

खरी अडचण पुढेच आहे. तो एक आकडा आणायचा कोठून? फेब्रुवारी २००० मध्ये 'एंडेव्हर' या अवकाशयानाने ६० मीटर लांब दांडा बाहेर काढून, दोन अँटेनांच्या साहाय्याने ११ दिवसांत पृथ्वीच्या बहुतांश जमिनीची उंची रडारने मोजली. रस्त्यांच्या उंचीसाठी ही माहिती खूप वापरली जाते. काम अचाट खरे, पण साधारण ३० मीटर चौकटीला तिच्यात एकच उंची आहे आणि तीत काही मीटरांची चूक असू शकते. शेजारच्या दोन चौकटींत नुसती ३ मीटरची चूक पडली, तर ३० मीटरांत शेकडा १० चा चढ उभा राहतो. सपाट करमाडात घाट! पुलाखाली नाला असला तर नोंद नाल्याची होते आणि पडद्यावर सायकल पुलावरून जाण्याऐवजी खड्ड्यात उतरते. घाटात याहून गंमत. डोंगराचा उतार ३० अंशांचा असेल आणि नकाशातला रस्ता १० मीटर बाजूला सरकला असेल, तर उंची जवळजवळ ६ मीटरांनी चुकते. शिवाय २००० नंतर घातलेले भराव त्यात कसे असणार? समृद्धी महामार्ग त्या नोंदीत शेतच आहे.

यावर उपाय म्हणून संगणक आजूबाजूच्या उंचींची सरासरी काढून रेषा गुळगुळीत करतो. खोटे घाट त्याने जातात, पण त्यांच्याबरोबर खरे, आखूड, दमछाक करणारे चढही जातात. माझ्या मते नालेवाल्या पठारावर हा तोटा घाटापेक्षा मोठा आहे, कारण इथले सगळे चढ आखूडच.

दुसरा मार्ग वायुदाबाचा. आपल्या उंचीवर सुमारे ९ मीटर चढले की दाब १ मिलिबारने घटतो. सायकलीवरचे छोटे दाबमापक एखाद्या मीटरचा फरकही टिपते. मात्र वळवाचे ढग जमून दाब २ मिलिबारने हलला, तर जागच्या जागी १८ मीटरांची टेकडी नोंदली जाते.

मग शाळेने काय करावे? गवंड्याची पाणी भरलेली पारदर्शक नळी आणावी. २० मीटरांहून काही मीटर जास्त लांबीची नळी आणि दोन सारख्या मोजपट्ट्या पुरेत. वाहतूक नसलेला एखादा गावरस्ता निवडावा. नळीची दोन टोके रस्त्यावर २० मीटर अंतरावर मोजपट्ट्यांना लावून उभी धरावीत आणि दोन्हीकडे पाणी जमिनीपासून किती उंचीवर थांबले ते वाचावे. फरक २० सेंटिमीटर आला तर चढ शेकडा १. असे दहा टप्पे केले की २०० मीटर रस्त्याचा आलेख तयार होतो आणि त्यात चूक फार तर काही सेंटिमीटरांची. रेल्वेस्थानकावरच्या पिवळ्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. पाटीपासून मोजायला सुरुवात केली तर प्रत्येक टप्प्याची खरी उंचीही मिळेल. पाटी फलाटावरूनच वाचावी, रुळांकडे जाऊ नये.

नंतर याच रस्त्याचा फोनमधला आलेख शेजारी ठेवून पाहावा. दोन्हींत फरक दिसला तर नळीवर विश्वास ठेवावा. फक्त तिच्यात हवेचा बुडबुडा अडकलेला नाही ना, तेवढे आधी पाहून घ्यावे.