औषध बदलण्यापूर्वी

बुऱ्हाणपुरात यंत्रमागांचा खडखडाट रात्रीही चालू असतो. अशा रात्रपाळ्या करीत चाळिशीस आलेला एखादा गृहस्थ ‘अंगात बळ उरले नाही’ असे म्हणू लागला, म्हणजे घरची माणसे तो दोष जागरणास देतात. आणि पुष्कळदा ते खरेही असते. परंतु काही पुरुषांच्या शरीरात टेस्टॉस्टेरोन नावाचा अंतःस्राव, ज्यास डॉक्टर हार्मोन म्हणतात, तो खरोखरच कमी पडलेला असतो. इच्छा मंदावते, स्नायू सैल पडतात, मन उदास राहते. लाजेपायी हे दुखणे पत्नीसही सांगितले जात नाही. मग भिंतीवरील जाहिरात वाचून कोठली तरी पुडी घरी येते. अशा जाहिरातींस १९५४ च्या कायद्याने बंदी केलेली आहे, हे आमच्या वाचकांनी ध्यानात ठेवावे.

खरे निदान रक्ताच्या तपासणीवाचून होत नाही. ती सकाळी, उपाशीपोटी व दोन निरनिराळ्या दिवशी करावी लागते. या स्रावाची भरती झोपेशी निगडित असल्यामुळे रात्रपाळी करणाऱ्याने आपली झोपेची वेळ डॉक्टरांस अवश्य सांगावी.

१९३५ साली शास्त्रज्ञांनी हा स्राव शुद्ध रूपात वेगळा केला, आणि त्याच वर्षी बुटेनांट व रुझिका यांनी तो प्रयोगशाळेत तयारही केला. आज तो अनेक रूपांत मिळतो: रोज कातडीस लावावयाचे जेल, एक ते तीन आठवड्यांनी घ्यावयाचे तेलकट इंजेक्शन, सुमारे तीन महिने पुरणारे इंजेक्शन, आणि जेवणाबरोबर घ्यावयाच्या कॅप्सूल. प्रत्येकाची अडचण निराळी. थोड्या आठवड्यांच्या इंजेक्शनाने आरंभी उत्साह येतो व पुढची पाळी येईतो माणूस गळून जातो. जेल लावलेल्या अंगास लेकरू बिलगले, तर ते औषध त्याच्या अंगी जाण्याचे भय. म्हणून हात धुऊन ती जागा कपड्याने झाकावी लागते. अशा वेळी रुग्णास औषध बदलावेसे वाटते. त्यात गैर काही नाही. गैर आहे ते आपल्या मनाने बदलणे.

असे का, ते पाहू. तीन महिन्यांचे इंजेक्शन अंगात हळूहळू उतरत असते. ते संपण्यापूर्वीच कोणी जेल लावू लागला, तर दोन्हींची मात्रा एकत्र होते. हे औषध जास्त झाले की रक्तातील तांबड्या पेशी वाढून रक्त दाट होऊ शकते. त्यांचे प्रमाण ५४ टक्क्यांवर गेले, तर उपचार थांबवावा लागतो. शिवाय औषध बदलले की तपासणीची वेळही बदलते. जेल लावल्यावर काही तासांनी, लहान इंजेक्शनाच्या दोन पाळ्यांच्या मध्यावर, आणि लांब पल्ल्याच्या इंजेक्शनाची पुढील पाळी येण्यापूर्वी रक्त द्यावे लागते. वेळ चुकली की आकडा फसवतो. म्हणून इंदूरला किंवा जळगावला नव्या डॉक्टरांकडे जाताना औषधाचे नाव, मात्रा व शेवटच्या इंजेक्शनाची तारीख लिहिलेला कागद खिशात असावा.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. बाहेरून टेस्टॉस्टेरोन मिळू लागले की मेंदूकडून वृषणांस जाणारा संदेश मंदावतो, आणि बीजनिर्मिती घटते. कित्येकांत ती पूर्ण थांबते. ज्या औषधाने पुरुषास बळ आल्यासारखे वाटते, तेच त्याच्या घरचा पाळणा रिकामा ठेवू शकते. समजा, नवविवाहित तरुणाने हे कोणास न सांगता इंजेक्शने चालविली. वर्ष लोटते, घरात कुजबूज सुरू होते, आणि दोष येतो सुनेच्या माथी! बिचारीने नवससायास करावे, तपासण्या सोसाव्या, आणि कारण मात्र पतीच्या कपाटात कुलुपबंद असावे, यापरता अन्याय कोणता?

अशा घरात इंजेक्शन सोडून जेल धरल्याने काही साधत नाही. रूप बदलले तरी औषध तेच. येथे औषधाची जातच बदलावी लागते. क्लोमिफीनच्या गोळ्या किंवा एचसीजीची इंजेक्शने ही शरीराची स्वतःची निर्मिती जागी करणारी औषधे असून, कोणास काय लागू पडेल हे तज्ज्ञांनी ठरवावयाचे असते. बहुतेकांची बीजनिर्मिती परत येते. परंतु त्यास कित्येक महिने, क्वचित वर्षाहून अधिक काळ लागतो. म्हणून ‘आम्हांस मूल हवे आहे’ हे वाक्य पहिल्याच भेटीत, पहिल्या इंजेक्शनापूर्वी, उच्चारले गेले पाहिजे.

आमची सूचना एवढीच की, त्या भेटीस पती-पत्नी दोघांनी जावे. घरातील दुखणे दोघांचे असते. औषधाचा कागदही दोघांनी वाचलेला बरा.