फणीवरची नक्षी

जोडीदारासाठी नटणे हे पुरुषाचेही काम आहे, असे गोंड समाजातल्या मुरियांनी फार पूर्वीपासून मानले. गडचिरोलीचे जंगल ओलांडले की त्यांचा बस्तर लागतो. व्हेरियर एल्विन यांच्या १९४७च्या ग्रंथात तिथल्या घोटुलाचे, म्हणजे तरुण मुलामुलींच्या युवागृहाचे, सविस्तर वर्णन आहे.

घोटुलातला अविवाहित मुलगा म्हणजे चेलिक, मुलगी मोटियारी. नाचाला जाताना चेलिक गळ्यात मण्यांच्या माळा घालतो, पागोट्यात पिसे खोवतो. पण खरा कस लागतो तो मोटियारीसाठी केलेल्या फणीत. लाकडाचा तुकडा घेऊन तो चाकूने एकेक दात मोकळा करतो, मग मुठीवर त्रिकोण आणि रेघांची नक्षी कोरतो. घाई झाली की दात तुटतो. फणी मुलीच्या केसांत खोवली गेली, की त्याचे कसब सगळ्यांना दिसते. स्वतःच्या साजाइतकीच मेहनत तिच्या साजावर घेणारी ही रीत मोठ्या मनाची आहे.

गडचिरोलीतल्या भामरागड, एटापल्लीकडच्या माडिया गोंडांतही गोटुल आहे, पण त्याची रीत थोडी वेगळी. डोंगरी माडियांच्या गोटुलात मुलगेच झोपत, मुली नाच आटोपून घरी परतत. नटण्यासाठी आता तिथल्या आठवडी बाजारांत जीन्स आणि टी-शर्टही मिळतात.