एकमत होईपर्यंत थांबणारी ग्रामसभा

गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या सुमारे शंभर घरांच्या गोंड गावाला २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये जवळपास १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि तेव्हापासून या गावाचे नाव जंगलाच्या संदर्भातच घेतले जाते. हा हक्क मागणारी, कायदा समजून घेणारी आणि मिळालेले सांभाळणारी माणसे गावात कशी तयार झाली, याची चर्चा मात्र क्वचितच होते.

इंचमपल्ली आणि भोपालपट्टणम या प्रस्तावित धरणांच्या विरोधात १९८० च्या दशकात जे आंदोलन झाले, त्यातून ‘मावा नाटे मावा राज’, म्हणजे आमच्या गावात आमचे राज्य, ही भूमिका पुढे आली. देवाजी तोफा हे गावातील कार्यकर्ते आणि ‘वृक्षमित्र’ संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल यांनी ती मेंढ्यात रुजवली. त्यांनी अभ्यास आणि निर्णय यांची ठिकाणे वेगळी ठेवली, हे त्यांच्या कामाचे खरे मर्म होय. अभ्यासगटात बाहेरचा जाणकार येऊ शकतो, कायद्याचे कलम वाचले जाते, मतभेद मोकळेपणाने मांडले जातात. परंतु तेथे ठराव होत नाही. ठराव ग्रामसभेत होतो, तेथे बाहेरच्याला मत नसते, आणि तो बहुमताने नव्हे तर सर्वसहमतीने होतो, म्हणजे एकाचाही विरोध असेल तर विषय पुढच्या बैठकीवर जातो.

ही रीत वेळखाऊ आहे आणि काही हजार वस्तीच्या गावात ती जशीच्या तशी चालणे अवघड आहे, हे मान्यच करावे लागेल. पण ज्याला विरोधकाचे मन वळवायचे आहे त्याला विषय स्वतःला नीट कळावा लागतो, आणि नेतृत्वाचे शिक्षण म्हणतात ते बहुतांशी हेच असते. पोळे जाळून मध काढण्याऐवजी माश्या न मारता पोळ्याचा केवळ मधाचा भाग कापून घ्यावा, ही पद्धत गावाने अशाच अभ्यासातून स्वीकारली. बांबूच्या वेळीही तसेच झाले. कायद्याने बांबू गौण वनोपज ठरवला असतानाही वाहतूक परवाना देण्याचा अधिकार वनखाते सोडत नव्हते. गावाने कायद्यावर बोट ठेवून पाठपुरावा केला आणि २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत परवाना पुस्तिका ग्रामसभेच्या हाती आली.

एका कर्तबगार सरपंचामुळे नावारूपाला आलेल्या गावांचे कौतुक महाराष्ट्रात पुष्कळ होते आणि ते अस्थानी नाही; मात्र त्या सरपंचानंतर कोण, या प्रश्नापाशी अशी गावे अडखळतात. इतरत्र ग्रामसभेची गणपूर्ती, म्हणजे सभा वैध ठरण्यासाठी लागणारी किमान उपस्थिती, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल ती, इतकी माफक आहे. तीही न झाल्यास सभा तहकूब करता येते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच उरत नाही. या सवलतीच्या आधारे मूठभर माणसांत ठराव उरकण्याची सोय जोवर आहे, तोवर निवडून आलेल्यांच्या प्रशिक्षणावर कितीही खर्च केला तरी गावात दुसरी फळी उभी राहणार नाही.